साहेबांच्या घरची लाखोरी

माझी नोकरी नेमकी काय होती हे मला आईला कधी नीट सांगता आलं नाही. कुठल्याही फॉर्मवर 'हुद्दा' असा रकाना आला की मीही थबकायचो. नेमणुकीच्या पत्रावर 'संपर्क सहायक' असं छापलं होतं. गावात मला 'गोऱ्याचा मुनीम' म्हणत. मी बी.एस्सी. झालेलो, घरातलाच नव्हे तर अख्ख्या टोलीतला, म्हणजे आमच्या वस्तीतला, पहिला, त्यामुळे मुनीम म्हटलेलं मला फार झोंबायचं. आता झोंबत नाही. आता वाटतं, गावाचं बरोबर होतं.

सत्तरच्या दशकात, मोठ्या दुष्काळानंतर, एका परदेशी संस्थेनं साकोलीच्या आजूबाजूच्या गावांत बोअरवेल खोदायचं काम घेतलं. यंत्र त्यांचं, साहेबही त्यांचा. साहेबाला बायको-पोरांसह इथं राहायचं होतं आणि इथलं त्याला काहीच माहीत नव्हतं. पाणी कुठल्या विहिरीचं घ्यायचं, दूध कोणाचं, रॉकेलवर चालणारा फ्रीज बिघडला तर कोण दुरुस्त करतो, पाव नागपूरहून कोणत्या एसटीनं येतो, परदेशी माणसाचं नाव भंडाऱ्याला पोलीस कचेरीत कधी नोंदवायचं आणि जिल्ह्याबाहेर जाताना कोणाला कळवायचं, उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या कोण बांधतो, बसायच्या संडासाचं भांडं साकोलीतला कोणता गवंडी बसवू शकतो. हे सगळं पाहणारा माणूस म्हणजे मी. बारा-तेरा वर्षांत तीन कुटुंबं आली आणि गेली, तिन्ही मीच सांभाळली.

लोकांना वाटायचं, याची मजा आहे. फ्रीजमधलं थंड पाणी पितो, जीपमध्ये फिरतो. पण या नोकरीत मुख्य काम होतं भिण्याचं. साहेब लोकांना ज्याची भीती वाटायची त्यातलं बरंचसं निरर्थक असायचं. एक साहेब तर रोज सकाळी बूट घालायच्या आधी त्यात साप आहे का म्हणून बूट काठीनं बडवायचा. वर्षभरात बूट फाटले, साप काही निघाला नाही. आणि ज्याला खरंच भ्यायला पाहिजे ते त्यांना माहीतच नसायचं. ते मला माहीत असायचं. म्हणून त्यांच्या वाटची भीती मी बाळगायची, असा एकूण हिशेब होता.

पहिल्या कुटुंबाचंच सांगतो. नॉर्वेचे लार्स साहेब, त्यांची बायको इंगा बाई आणि पाच वर्षांची मुलगी मारित. स्वयंपाकाला मी पारबताबाईंना लावून दिलं होतं. हात चांगला, स्वभाव तिखट. पाणी वीस मिनिटं उकळायचं, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्या उकळायच्याही, त्यात कसूर नाही. महिन्याभरानं एकदा मी सहज स्वयंपाकघरात गेलो, तर बाई उकळलेल्या पाण्यात विहिरीचं ताजं पाणी तांब्यानं ओतत होत्या.

मी म्हटलं, हे काय करता?

"थंड करून राहिली न," त्या म्हणाल्या. "एवढ्या गरम पान्यानं पोरीचं तोंड नाही भाजनार का? तुमी उकळा म्हनलं, मी उकळलं. आता का मी पंख्यानं वारा घालत बसू त्याले?"

महिनाभर सगळे तेच पाणी प्याले होते. कोणाला काही झालं नव्हतं. मी बाईंना समजावलं आणि साहेबांना सांगितलं नाही. काही झालं नाही ना, मग कशाला सांगायचं. हीच सवय मला पुढं नडली.

आता लाखोरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना ती माहीत नसेल. आमच्याकडे धान, म्हणजे भात, कापायच्या थोडं आधी उभ्या पिकातच लाखोरीचं बी फेकून देतात. धान निघतं, बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ओल राहते, त्या ओलीवर लाखोरी आपोआप वाढते. ना नांगर, ना पाणी, ना खत. तिची कोवळी पानं भाजीला, दाणे डाळीला. दिसायला तुरीसारखी, थोडी फिकट. वडे तर असे होतात की बस. पण त्या डाळीत एक विष आहे. महिनोन्‌महिने पोटात दुसरं काही न जाता तीच गेली, तर एखाद्या दिवशी माणूस उठतो आणि त्याच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत. पाय आखडतात, गुडघे एकमेकांना घासतात. ना ताप, ना दुखणं. आणि पाय परत सुधारत नाहीत. म्हणून ती बाजारात विकायला बंदी होती. पेरायला आणि खायला कोण बंदी करणार?

आमच्या टोलीत डोमाजी म्हणून एक गडी होता. दोन काठ्या घेऊन चवड्यांवर चालायचा, पावलं मातीत दोन रेघा ओढत जायची. लहानपणी आम्ही त्याची नक्कल करत असू. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी लाखोरीचं लॅटिन नाव फळ्यावर लिहिलं, लॅथिरस सॅटायव्हस, आणि खाली तिचा रोग लिहिला, तेव्हा मला कळलं की आपण कोणाची नक्कल करत होतो. परीक्षेत तो प्रश्न आला होता. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या वर्षी माझ्या गावच्या मंडईला मी साहेबांच्या कुटुंबाला घेऊन गेलो. माझं गाव लाखनीजवळ, हमरस्त्यापासून कोसभर आत. गोरी माणसं आपल्या अंगणात बसलेली टोलीनं पाहावी अशी माझी इच्छा होती, खोटं कशाला बोलू. आईनं लाखोरीचे वडे केले. मारितला तोपर्यंत इथलं काही गोड लागत नव्हतं, भात आणि केळी एवढ्यावर ती जगत होती. तिनं चार वडे खाल्ले. आई एवढी खूश झाली की निघताना तिनं धडप्यात पायलीभर डाळ बांधली. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं.

परतताना जीपमध्ये इंगा बाईंनी विचारलं, या डाळीला इंग्रजीत काय म्हणतात. त्यांची एक वही होती, मुलगी रोज काय खाते ते त्या तीत लिहून ठेवत. मला लॅटिन नाव तोंडपाठ होतं. पण ते सांगितलं तर बाई पुस्तकात पाहणार, पुस्तकात रोग सापडणार, आणि मग तुझ्या आईनं आम्हाला काय खायला घातलं, तुमच्या घरी हेच खातात का, असे प्रश्न येणार. ज्या घरातून ही डाळ आली त्याची मला तेव्हा लाज वाटली. मी म्हटलं, "लेंटिल." मसूर. त्यांनी तसं लिहिलं.

मनात म्हटलं, दोन-चार वेळा खाईल, संपेल. पण मारितला पारबताबाईंची ती पातळ डाळ अशी आवडली की दोन्ही वेळा तीच. डाळ संपली तशी मीच आणखी आणली. माघात नवीन पीक निघालं, आईनं स्वतः निवडून, भरडून पाठवलं. "साहेबाच्या पोरीले आपली डाळ मानवली, पाह्य कशी गाल धरून रायली," ती सगळ्यांना सांगायची. मलाही बरं वाटायचं. मुलगी खरंच गुटगुटीत झाली होती. मधूनच डोमाजी आठवायचा, मग मी मनाशी म्हणायचो, ही दूध पिते, अंडी खाते, हिला काय होतंय. शास्त्र मला माहीत होतं ना.

एप्रिलमधली गोष्ट. लार्स साहेब जीप घेऊन नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांत खोदकामाला गेलेले, दोन दिवस तिकडेच होते. सकाळी आठच्या सुमारास मी बंगल्यावर पोचलो. इंगा बाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मारित आज विचित्र चालतेय, जरा बघ. आणि त्यांनी तिला हाक मारली.

मुलगी आतून व्हरांड्यात आली. उजव्या पायाची टाच वर. चवड्यावर जोर देत, कंबर एका बाजूला झुकवून ती खांबापर्यंत आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

माझ्या हातातली डाकेची पाकिटं खाली पडली. मला ती मुलगी दिसतच नव्हती, डोमाजी दिसत होता. बाई मला विचारत होत्या, काय असेल, पडली वगैरे असेल का, कोणी बोलावता येईल का. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. पारबताबाई तांदूळ निवडत होत्या. मी फळीवरचा लाखोरीचा डबा उतरवला, मागच्या दारानं गेलो, आणि सगळी डाळ खताच्या खड्ड्यात ओतून वर शेण-कचरा लोटला.

पारबताबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"भाऊ, अन्न कायले फेकून राहिले?"

"किडे पडले होते."

"सकाळी तं मी पाह्यली. एक किडा नव्हता." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या झाडीपट्टीतल्या, लाखोरीच्याच मुलखातल्या होत्या, त्यांना सांगायची गरज नव्हती. "पोरीच्या पायासाठी फेकली का?"

मी म्हटलं, तुम्ही काही बोलू नका.

"मी कायले बोलू? मले कोन विचारते?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "पन भाऊ, डाळ फेकून पाय सरळ होते का?"

साकोलीचे डॉक्टर येऊन पाहून गेले. ताप नाही, सूज दिसत नाही, त्यांनी गुडघे-घोटे तपासले आणि म्हणाले, वाट पाहू नका, नागपूरला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. पोलिओची लस दिली आहे का, असंही त्यांनी विचारलं. तो शब्द ऐकून इंगा बाईंचा चेहरा पांढरा पडला. लस दिलेली होती. मी जंगल खात्याच्या एका ट्रकवाल्याबरोबर साहेबांना चिठ्ठी धाडली. ते येईपर्यंतचा तो दिवस मी कसा काढला ते लिहिता येत नाही. दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारताना हात चालत होते, डोक्यात एकच. पाय गेला तर या मुलीचा आयुष्यभराचा जाईल. आणि कोणाला कधी कळणारही नाही कशानं गेला, कारण वहीत मसूर लिहिलेलं आहे आणि डबा रिकामा आहे. माझी सुटका मीच करून ठेवली होती. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

साहेब दुसऱ्या दिवशी पहाटे आले आणि तसेच आम्ही निघालो. साहेब गाडी चालवत होते, मी मागच्या बाकावर, पुढच्या बाकावर बाई आणि त्यांच्या मांडीवर मारित. रस्त्यात बाई वही काढून पानं चाळत होत्या. त्या मोठ्यानं वाचत, साहेब विचारत, उत्तर मी देत होतो. पाणी उकळलेलं? हो. दूध उकळलेलं? हो. भाजी परमँगनेटच्या पाण्यात धुतलेली? हो. डाळ? पारबताबाई चांगली शिजवतात, म्हटलं. वैनगंगेचा पूल आला आणि गेला. माझी सगळी उत्तरं खरी होती.

नागपूरचे डॉक्टर पन्नाशीचे, आमच्याच भागातले असावेत, बोलण्यावरून कळत होतं. इंग्रजीतून त्यांनी आई-बापाला सगळं विचारलं. पडली का, सर्दी-खोकला झाला होता का. मागच्या आठवड्यात सर्दी झाली होती. खाणं काय? बाईंनी वही पुढं केली. डॉक्टर वाचत गेले. भात, केळी, अंडं, दूध, मसूर. मसूर, मसूर, मसूर. त्यांनी पान उलटलं आणि वही मिटून बाजूला ठेवली.

वही मिटताना मी पाहिली आणि मला कळलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

"डॉक्टरसाहेब," मी मराठीत म्हटलं, "ती मसूर नाही. लाखोरी आहे."

त्यांनी मान वर केली. "कोणी दिली?"

"मी. माझ्या घरची."

"किती दिवस?"

"मंडईपासून. रोज, दोन्ही वेळा."

साहेब आणि बाई आमच्या तोंडाकडे पाहत होते. डॉक्टर म्हणाले, "यांना सांगितलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग आधी यांना सांगा. इंग्रजीत. मी थांबतो."

बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत माझी जीभ अडखळली नव्हती, ती तिथं अडखळली. लॅटिन नाव सांगितलं, रोग सांगितला, मसूर का म्हटलं ते सांगितलं, काल डबा खड्ड्यात रिकामा केला तेही सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले. ते मारतील असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. ते खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले.  बाईंनी मारितच्या उजव्या पावलावर हात ठेवला, नुसता ठेवला.

डॉक्टरांनी मुलीला टेबलावर उताणं झोपवलं. दोन्ही गुडघ्यांवर रबरी हातोडी मारली, तळव्यांवर किल्लीनं रेघ ओढली. मग उजवा पाय गुडघ्यात दुमडून तो मांडीपासून आत वळवला. मारित किंचाळली. इंगा बाई पुढं धावल्या. डॉक्टरांनी पुन्हा एकदा तसंच केलं, ती पुन्हा किंचाळली, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"दुखतंय," ते मला म्हणाले. "लाखोरीचा पाय असा वळवून दुखत नाही, आणि ती एक पाय धरत नाही, दोन्ही धरते. हिच्या खुब्यात पाणी झालंय, सर्दीनंतर मुलांना होतं. हाडाचा फोटो काढू, रक्त तपासू, पण मला काळजी वाटत नाही. आठवडाभर झोपवून ठेवा."

फोटोही स्वच्छ निघाला. त्यांनी आई-बापाला समजावलं, की डाळ बंद करा, पण या मुलीसारखं दूध-अंडी खाणाऱ्याला वाटीभर लाखोरीनं पांगळं केलेलं त्यांनी तरी पाहिलेलं नाही. ज्याच्या ताटात उन्हाळाभर दुसरं काही नसतं, त्याला ती धरते. भाकरीही तिची, डाळही तिची, भाजीही तिची.

बाहेर आल्यावर कडुलिंबाखाली साहेब जीप काढेपर्यंत आम्ही उभे होतो. मारित बाईंच्या कडेवर पेंगत होती. आता नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो. तसं काही बाई बोलल्या नाहीत. पुढं त्यांनी मला काढलंही नाही, मात्र त्यानंतर वहीत मी सांगितलेलं प्रत्येक नाव त्या दोनदा विचारून लिहीत. तिथं झाडाखाली त्यांनी एवढंच विचारलं.

"तुझ्या घरी हे खातात?"

"हो."

"किती?"

तोपर्यंत मी या प्रश्नाचा विचार केला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पाच महिने मी एका वाटीची भीती बाळगत होतो. शनिवारी घरी गेलो की मला भात वाढला जाई. आई नंतर जेवायची, चुलीशी, माझ्याकडे पाठ करून. तिच्या ताटात काय असतं ते मी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात आमच्या कोठीतला तांदूळ तळाला जायचा, तरी माझ्यापुरता भात निघायचा, तो कसा निघतो असं मी विचारलं नव्हतं. आणि मागच्या दोन-तीन शनिवारी मी गेलो तेव्हा ती उठून दारात आली नव्हती. बसूनच होती.

परतताना लाखनीच्या पुढं गावच्या फाट्यावर मी साहेबांना गाडी थांबवायला सांगितली. कोसभर रस्ता मी जवळजवळ पळत गेलो. ऊन उतरलेलं नव्हतं. आई ओसरीवर बसून लाखोरी भरडत होती, जात्यापुढं दोन्ही पाय पसरून.

"आज कसा आला?" ती म्हणाली. "साहेबाच्या पोरीले बरं नाही म्हनत होते. बरी हाये का?"

"बरी आहे. आई, उठ."

"काहून?"

"उठ आणि विहिरीपर्यंत चालून दाखव."

ती हसायला लागली. "मी का नवरी हावो का, चालून दाखवाले? पाहुने आले का मले पाहाले?" मग माझ्या तोंडाकडे पाहून तिचं हसणं थांबलं. "का झालं रे? त्या लोकायले आपली डाळ नाही पचली का? नाही पचत तं वापस आन, बाप्पा. मले पुरते पाऊस पडेपर्यंत."

मी म्हटलं, "तू उठ आधी."

ती उठली. जात्यावर हात टेकून, मग भिंतीला धरून. बसून बसून पाय भरून आले म्हणाली. अंगणात माती होती आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत नव्हतो, तिच्या पावलांकडे पाहत होतो. एक पाऊल पडलं, दुसरं पडलं. टाच टेकली. विहिरीपर्यंत ती गेली, वळली, परत आली. मातीत पावलं उमटली होती, पुरती, टाचांसकट.

"झालं का समाधान?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "आणखी एकदा."